"माझं खाणं समुद्रातलं नाही": इनुइट लोकांची हंसीण बायको

किनाऱ्यावर व्हेल ओढून आणलाय. अख्खी वस्ती कामाला लागलीये, पुरुष कापतायत, बायका मांसाचे आणि चरबीचे तुकडे घरोघरी वाहून नेतायत, आणि या सगळ्या गडबडीत एक बाई नुसती बाजूला उभी आहे. तिचा नवरा वस्तीतला सगळ्यात भारी व्हेल-शिकारी. तो तिला हाक मारतो, अगं बाकीच्या बायका बघ, तूही हात लाव की. ती म्हणते, माझं खाणं समुद्रातलं नाही, माझं खाणं जमिनीवरचं आहे, मी व्हेल खाणार नाही आणि मदतही करणार नाही. तो म्हणतो, खावंच लागेल, त्यानेच पोट भरतं. मग ती रडायला लागते. मी खाणार नाही, माझे हे छान पांढरे कपडे मी घाण करणार नाही. आणि ती तशीच पाण्याकडे उतरते, वाळूत पक्ष्यांची पडलेली पिसं शोधते, थोडीशी सापडतात, ती आपल्या बोटांच्या फटीत खोचते, पोराच्याही बोटांत खोचते, आणि दोघं हंस होऊन उडून जातात.

एवढंच. जादूटोणा नाही, शाप नाही, देव नाही. जेवणावरून भांडण झालं आणि बायको गेली.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं की अरे ही तर माहितीये, उर्वशी वगैरे, तलावात अंघोळ करणाऱ्या पऱ्या, कपडे चोरणारा माणूस, जगभर असते ती. पण नंतर नीट वाचल्यावर लक्षात आलं की नाही, सांगाडा तोच असला तरी आतलं सगळं वेगळं आहे, आणि ते वेगळं का आहे हे समजून घ्यायला थोडं आर्क्टिकचं हवामान, थोडं पक्षीशास्त्र आणि बरंचसं स्वयंपाकघर लागतं. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं एक बघू. इंग्रजीत ज्याला गूस म्हणतात त्याला मी इथे हंस म्हणतेय, कारण मराठीत दुसरा रुळलेला शब्द नाही. पण डोळ्यासमोर चित्रातला लांब मानेचा राजहंस आणू नका. हिवाळ्यात उजनीला किंवा जायकवाडीला जे पट्टकदंब येतात ना, त्यांचा गोरा चुलतभाऊ समजा. पूर्ण पांढरा, पंखांची टोकं तेवढी काळी. स्नो गूस. बायकोचे "छान पांढरे कपडे" कुठून आले ते इथेच कळलं असेल.

आता ही गोष्ट सांगतं कोण? इनुइट म्हणजे ग्रीनलंडपासून कॅनडाच्या उत्तरेतून अलास्कापर्यंत पसरलेले लोक. एकाला इनुक म्हणायचं, अनेकांना इनुइट. आपल्या शाळेच्या पुस्तकात "एस्किमो" होतं, ते कॅनडात आता कोणी वापरत नाही, लोकांना ते आवडत नाही, सोडून द्या. कॅनडात १ एप्रिल १९९९ ला नुनावुत नावाचा त्यांचा स्वतःचा प्रदेश झाला, आकाराने महाराष्ट्राच्या सहापट वगैरे आणि लोकसंख्या मात्र एखाद्या छोट्या तालुक्यापेक्षाही कमी. पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या जुन्या गोष्टींना ते उनिक्काक्तुआत म्हणतात, आणि स्वतःच्या आयुष्यातल्या, डोळ्यांनी पाहिलेल्या हकिगतींना वेगळा शब्द आहे, उनिक्कात. म्हणजे आजीने शिकारीला गेल्यावर काय झालं ते सांगितलं तर ते एक, आणि आजीला तिच्या आजीने सांगितलेलं ते दुसरं. हा फरक त्यांच्या भाषेतच आहे हे मला फार आवडलं.

सांगायचा सीझन म्हणजे अर्थातच हिवाळा. इग्लूलिक नावाचं गाव आहे, तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्याला परत तोंड दाखवतो. दीड महिना अंधार. सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा, कुल्लिक म्हणतात त्याला, तो घरातल्या बाईने सतत बघायचा, वात सारखी करत राहायची, आणि त्याच्या उजेडात गोष्टी. पोरं ऐकता ऐकता झोपून जायची.

वर जी गोष्ट सांगितली ती फ्रान्झ बोआस नावाच्या माणसाने लिहून घेतलेली आहे. हा जर्मनीतून १८८३ मध्ये कॅनडाच्या उत्तरेतल्या बॅफिन बेटावर गेला, खरं तर भूगोलाचा अभ्यास करायला, नकाशे वगैरे, आणि वर्षभर राहिल्यावर नकाशांपेक्षा माणसांच्याच जास्त प्रेमात पडला, पुढे अमेरिकेत मानववंशशास्त्राचा मोठा माणूस झाला. १८८८ मध्ये त्याने जे छापलं त्यात ही गोष्ट आहे. नायकाचं नाव इतितौजांग. आणि गंमत बघा, गोष्टीची सुरुवातच या नावापासून होते.

तर हा इतितौजांग वयात येतो, त्याला लग्न करायचंय, एक अनाथ मुलगी त्याला आवडते पण हा लाजाळू, स्वतः बोलायची हिंमत नाही, म्हणून तिच्या छोट्या भावाला पाठवतो, जा बहिणीला विचार माझ्याशी लग्न करते का. ती आतूनच विचारते, नाव काय त्याचं? नाव ऐकून म्हणते, इतकं घाणेरडं नाव असलेल्या माणसाशी मी लग्न करणार नाही. नाव खरंच घाणेरडं आहे, त्या भाषेत त्याचा अर्थ शरीराच्या अशा भागाशी जातो की मी इथे लिहीत नाही. बिचारा शरमून गाव सोडून आत आत रानात चालत जातो. आणि अनेक दिवसांनी त्याला एक तलाव दिसतो, त्यात हंस पोहतायत आणि काठावर बूटच बूट ठेवलेत.

हो, बूट. आपल्याकडे वस्त्रं असतात, इथे बूट. हा हळूच जाऊन जमतील तेवढे उचलतो. पक्षी बाहेर येतात, बूट गायब, घाबरून सगळे उडून जातात, एकटी एक मागे राहते आणि रडत राहते, "मला माझे बूट हवेत, मला माझे बूट हवेत." हा पुढे येऊन म्हणतो, माझी बायको हो, मग देतो. ती नाही म्हणते. हा बूट घेऊन वळतो. मग ती हो म्हणते, पण मनाविरुद्ध, गोष्टीत हे स्पष्ट आहे. बूट घातले की ती बाई होते. दोघं समुद्राकाठच्या मोठ्या वस्तीत जाऊन राहतात, मुलगा होतो, आणि तो नकोशा नावाचा माणूस वस्तीतला सगळ्यात नावाजलेला शिकारी होतो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

हीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणी किविउक नावाच्या नायकावर बेतलेली असते. किविउक म्हणजे इनुइट लोकांचा भटक्या वीर, कायाक नावाच्या अरुंद होडीत बसून आयुष्यभर फिरतोय, कधी राक्षसिणींच्या तावडीतून सुटतो, कधी लांडगी-बायांच्या घरी राहतो, त्याची एक बायको कोल्हीण होती, एक हंसीण, आणि तो अजून जिवंत आहे म्हणतात, तोंडाचा दगड होत चाललाय त्याच्या. नुड रासमुसेन नावाचा प्रवासी-संशोधक, जो ग्रीनलंडमध्येच जन्मला आणि लहानपणापासून तिथली भाषा बोलायचा, त्याने १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत कुत्र्यांच्या गाडीवरून अलास्कापर्यंत जाताना अशा गोष्टी भरभरून गोळा केल्या. किविउकच्या गोष्टीत बहुतेक ठिकाणी बुटांऐवजी कपडे असतात, एकाऐवजी दोन मुलं असतात. कुठलं व्हर्जन खरं, असं विचारायचं नसतं. ज्याच्या तोंडून ऐकलं तो आपल्या वस्तीचं सांगतो.

आता तुलना करू, कारण नाहीतर वेगळेपण कळत नाही.

जगभरच्या लोककथांच्या वर्गीकरणात या प्रकाराला हंसकन्या म्हणतात. जपानमध्ये पिसांचं वस्त्र असतं, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सीलचं कातडं असतं. आपल्याकडे उर्वशी आणि पुरूरवा. शतपथ ब्राह्मणात पुरूरवा उर्वशी गेल्यावर वेड्यासारखा फिरत कुरुक्षेत्रात एका तळ्याशी येतो तेव्हा अप्सरा पाणपक्षी होऊन पोहत असतात, हा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो कारण आपण नाटकातली आणि सिनेमातली उर्वशी बघितलेली, पण मूळ कथेत पक्षी आहेत. आता या सगळ्यांत बायको जाते कशी? स्कॉटलंडमध्ये नवऱ्याने लपवलेलं कातडं एक दिवस पोरांना माळ्यावर सापडतं, ती ते पांघरून समुद्रात जाते. उर्वशीची अट असते की तू मला उघडा दिसता कामा नये, गंधर्व तिची कोकरं चोरतात, हा तसाच धावतो, वीज चमकते, अट मोडली. म्हणजे एकतर लपवलेली वस्तू सापडते किंवा दिलेली अट मोडते. तांत्रिक कारण.

इनुइट गोष्टीत तसं नाहीये. बूट तर तिच्या पायातच आहेत, त्याने ते परत दिलेत, लपवलेलं काही नाही आणि अटही काही घातलेली नाही. ती कधीही जाऊ शकली असती का? माहीत नाही, पण गेली नव्हती. काही वर्षं राहिली, पोर झालं. ती जाते ती जेव्हा तिला सांगितलं जातं की तू आमचं खाल्लंच पाहिजेस.

हे नीट कळायला आधी कपड्यांचं बघू, मग खाण्याचं.

उणे तीस-चाळीसमध्ये कपडे म्हणजे शृंगार नाही, जीव आहे. बाईने शिवलेला अंगरखा, त्यात पाठीवर बाळ ठेवायला मोठी खोळ असते त्याला अमाउती म्हणतात, आणि कातड्याचे बूट, कामिक, ज्याचे टाके स्नायूच्या दोऱ्याने असे घालायचे की दोरा ओला झाला की फुगून भोक बंद करतो, पाणी आत येत नाही. एक टाका सुटला तर बोटं जातात. त्यामुळे एखाद्याचे बूट पळवणं हा आपल्याला वाटतो तसा खट्याळपणा नाही, तिथे तो धमकीचाच प्रकार आहे, आणि ऐकणाऱ्या पोराला ते लगेच कळत असणार.

शिवाय पिसांचे कपडे ही तिथे कल्पना नाहीच. हडसन उपसागरात बेल्चर बेटं आहेत, सानिकिलुआक हे तिथलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथले कॅरिबू, म्हणजे ते हरणासारखे मोठ्या शिंगांचे, संपले. कातडं कुठून आणायचं? मग तिथल्या बायकांनी आयडर बदकांची कातडी पिसांसकट सोलून, मऊ करून, एकाला एक जोडून अंगरखे शिवले. ग्रीनलंडच्या वायव्येला छोट्या समुद्रपक्ष्यांच्या कातड्यांचे आतले सदरे घालायचे. म्हणजे गोष्ट ऐकणारा माणूस स्वतःच पक्षी पांघरून बसलेला असू शकतो. आपण "पिसांचं वस्त्र" वाचतो तेव्हा परीकथा वाटते, त्याला ते शिवणकाम वाटणार.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पिसं.

बहुतेक पक्षी पिसं बदलतात ती थोडी थोडी, म्हणजे उडता येत राहतं. हंस आणि बदकं तसं करत नाहीत. ते पंखांची उडायची सगळी पिसं एकदम गाळतात. ऐन उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास, तीन-चार आठवडे हा पक्षी चक्क उडू शकत नाही, चालतो आणि पोहतो फक्त. तलावांच्या काठावर पांढऱ्या पिसांचा खच पडलेला असतो. इनुइट शिकाऱ्यांना हे अर्थातच पिढ्यान्पिढ्या माहीत, या दिवसांत ते हंसांना गुरं हाकावी तसे हाकत दगडांनी बांधलेल्या कुंपणात आणायचे. एका बाजूने माणसं हात पसरून चालत येतायत आणि समोर शेकडो पांढरे पक्षी पायी पळतायत, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग परत ते वाक्य वाचा, काठावर बूट ठेवलेत आणि पक्ष्याला आता कुठे जाता येत नाही.

याच्याही पुढे एक गोष्ट आहे. आई-बाप पिसं गाळतात ती पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. पिल्लांना अजून पंख फुटायचे असतात. आणि पालकांची नवी पिसं येतात साधारण तेव्हाच, जेव्हा पिल्लं पहिल्यांदा उडायला तयार होतात. म्हणजे आई आणि पोर एकाच वेळी उडायला लागतात, आणि लगेच सप्टेंबरात सगळं कुटुंब एकत्र दक्षिणेला निघतं, पार अमेरिकेच्या टेक्सास, लुइझियानापर्यंत. आता गोष्टीतली बाई काय करते? किनाऱ्यावर पडलेली पिसं वेचते, आधी स्वतःच्या बोटांत आणि मग पोराच्या बोटांत खोचते, आणि दोघं बरोबर उडतात. पोराला सोडून जात नाही. स्कॉटलंडची सीलबाई पोरांना मागे टाकून जाते आणि मग आपल्याला दोन थेंब रडू येतं. ही घेऊन जाते, कारण हंसाची आई घेऊनच जाते. ज्याने कोणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने हंस नुसता आकाशात बघितलेला नव्हता, त्याने तो उन्हाळाभर जमिनीवर बघितला होता. हे माझं मत आहे, पण मला त्यात फारशी शंका नाही.

एक उपकथा सांगते, राहवत नाही. स्नो गूसचाच एक गडद रंगाचा प्रकार असतो, तेव्हा त्याला वेगळी जात समजायचे, निळा हंस. हिवाळ्यात अमेरिकेत हजारोंनी दिसायचा पण घरटी कुठे करतो ते शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं. ड्यूई सोपर नावाच्या कॅनडियन माणसाने त्यासाठी वर्षानुवर्षं बॅफिन बेट पालथं घातलं आणि शेवटी १९२९ मध्ये जागा सापडली, तीही तिथल्या एका इनुइट शिकाऱ्याने नकाशा काढून दिला म्हणून. बेटाच्या नैऋत्येला, सपाट दलदलीचा प्रदेश. त्या लोकांच्या दृष्टीने "शोध" वगैरे काही नव्हता, तो पक्षी तिथेच तर असतो दरवर्षी.

आता खाणं. इथे गोष्टीचा खरा गाभा आहे असं मला वाटतं.

हंस गवत खातो. गवत, लव्हाळी, मुळं, कोंब. आर्क्टिकचा माणूस मात्र जगतो सीलवर, वॉलरसवर, व्हेलवर, कॅरिबूवर आणि माशांवर, कारण तिथे शेती नावाचा प्रकारच होऊ शकत नाही. किविउकच्या काही गोष्टींत सासू किंवा घरातली दुसरी बाई या सुनेला टोमणे मारते, गवत खाते म्हणून. बाईला चरबी गिळवत नाही, ती बाहेर जाऊन हिरवं काहीतरी खुडून खाते, आणि घरातल्यांना ते खुपतं.

माझी एक मावशी, सोलापूरकडची, घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नव्हतं, ती लग्न होऊन मालवणच्या बाजूला गेली. सासरचे लोक चांगलेच होते, कुणी छळ वगैरे नाही. पण पहिल्या महिन्यात कालवं आणलेली, सगळ्या जावा अंगणात बसून फोडतायत, आणि ही ओट्यावर नुसती उभी. सासू म्हणाली, "खा नको, पण हात तरी लाव गो." मावशी आजही हे हसत सांगते, पण ते वाक्य तिला शब्दशः लक्षात आहे, पन्नास वर्षं होऊन गेली. मी बोआसची गोष्ट वाचली तेव्हा मला व्हेल दिसलाच नाही, कालवं दिसली.

पण इनुइट गोष्टीत हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण नाही, त्याच्या मागे एक मोठा नियम आहे. समुद्रातले प्राणी आणि जमिनीवरचे प्राणी यांची सरमिसळ करायची नाही. जुन्या काळी वॉलरस आणि कॅरिबूचं मांस एकत्र शिजवायचं नाही, एकाच दिवशी खायचं नाही, समुद्रावरच्या बर्फात शिकार सुरू व्हायच्या आत कॅरिबूच्या कातड्याची शिलाई संपवायची, असे नियम असायचे, जागेप्रमाणे बदलणारे पण कडक. मोडले तर समुद्राच्या तळाशी राहणारी बाई रागावते, सील आणि व्हेल स्वतःकडे कोंडून ठेवते आणि वर लोक उपाशी मरतात. आता परत ऐका ती काय म्हणते ते, "माझं खाणं समुद्रातलं नाही, माझं खाणं जमिनीवरचं आहे." ती हट्ट करत नाहीये, नखरे तर अजिबात नाही, ती जगाचा नियम सांगतेय. आणि नवरा म्हणतो, पोट भरतं ना, मग खा.

दुसरीकडे नवऱ्याचंही बघा. व्हेल म्हणजे वस्तीचा हिवाळा. एवढा मोठा प्राणी वेळेत कापून साठवायचा तर प्रत्येक हात लागतो, आणि वाटा प्रत्येकाला मिळतो. जो हात लावत नाही आणि खातही नाही तो वस्तीचा उरतच नाही. त्यामुळे तो निव्वळ दुष्ट नवरा नाहीये, तो जे म्हणतो ते तिथलं कुणीही म्हणालं असतं. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि म्हणूनच हे लग्न टिकू शकत नाही. याला कोणी स्त्रीवादी कथा म्हणतं, कोणी पर्यावरणाची म्हणतं, म्हणा, पण त्यात नवऱ्याला व्हिलन करून टाकलं की गोष्टीतला अर्धा दम निघून जातो असं मला वाटतं.

कोल्हीण बायकोची गोष्ट पण अशीच आहे, झटपट सांगते. माणूस शिकारीहून घरी येतो तर घर झाडलेलं, जेवण तयार. लपून बघतो, तर एक कोल्हीण येते, कातडं बाहेर वाळत टाकते आणि बाई होते. हा कातडं पळवतो, लग्न होतं, बरं चाललेलं असतं, आणि मग एक दिवस वासावरून बोलणं निघतं, घरात कसला वास येतोय. कोल्हिणीचाच वास. ती निघून जाते. हंसीण खाण्यावरून, कोल्हीण वासावरून. प्राणी म्हणून जे बदलताच येत नाही त्याच्यावर बोट ठेवलं की संपलं.

आणि याची उलटी बाजू पण आहे. वर ज्या समुद्रतळाच्या बाईचा उल्लेख केला, तिला सेडना म्हणतात, नुलियाजुक पण म्हणतात, तिची गोष्ट पक्षी-नवऱ्याची आहे. फुलमार नावाचा समुद्रपक्षी माणसाचं रूप घेऊन येतो, माझ्या घरी मऊ कातडी आहेत, भरपूर खायला आहे असं सांगून तिला घेऊन जातो, आणि तिथे गेल्यावर तंबू बघते तर माशांच्या कातड्याचा, भोकं पडलेला, वारा आत, आणि खायला कच्चे मासे. बाप तिला सोडवायला येतो, पक्षी वादळ उठवतात, बाप घाबरून तिलाच समुद्रात ढकलतो आणि तिने होडीची कड धरली तर बोटं कापतो, त्या बोटांचे सील आणि व्हेल होतात. भयानक आहे, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, एकीत माणसाची मुलगी पक्ष्याच्या घरात उपाशी, दुसरीत पक्ष्याची मुलगी माणसाच्या घरात. शिवाय एकीत बोटं तुटून समुद्राचं अन्न तयार होतं आणि दुसरीत बोटांत पिसं खोचून समुद्राच्या अन्नापासून सुटका होते. हे मुद्दाम जुळवलंय की आपोआप जुळलंय, देव जाणे.

बरं, बायको गेल्यावर? इतितौजांगचं मांसात, चरबीत लक्ष लागत नाही, किनाऱ्याजवळ व्हेल फवारे उडवतायत तरी हा बघत नाही. निघतो शोधायला. कित्येक महिन्यांनी एका नदीपाशी पोचतो तर एक माणूस कुऱ्हाडीने लाकूड तासतोय, आणि ढलपी निघाली की तो ती घासून गुळगुळीत करतो आणि तिचा मासा होतो, इतका बुळबुळीत की हातातून सटकून पाण्यात. त्याचं नाव इकालुक्जुंग, छोटा मासा असं काहीसं. नुनावुतच्या राजधानीचं नाव इकालुइत आहे, खूप मासे असलेली जागा, तोच शब्द. या माणसाची पाठ पूर्ण पोकळ, मागून बघितलं तर थेट तोंडातून पलीकडचं दिसतं. इतितौजांग हुशार, तो गुपचूप मागे सरकतो, लांबून वळसा घालून समोरून येतो. तो विचारतो, कुठून आलास? हा समोर बोट दाखवतो. नशीब तुझं, मागून येऊन माझी पाठ बघितली असतीस तर कुऱ्हाडच घातली असती. आता बघा, ज्या माणसाला नावावरून हसले होते त्याने इथे दुसऱ्याच्या शरीरातलं व्यंग बघूनही न बघितल्यासारखं केलं. हे त्याला बायकोच्या बाबतीत जमलं नव्हतं.

मग इकालुक्जुंग इतितौजांगला, बायको ज्या बेटावर आहे तिथे जायला, माशाच्या पाठीचा कणा देतो आणि म्हणतो, डोळे मीट, याची कायाक होईल, डोळे उघडलेस तर उलटशील. मध्येच याला पाण्याचा आवाज येत नाही म्हणून शंका येते, किंचित डोळे किलकिले करतो, लगेच कायाक हिंदकळते आणि बुडाखाली मणके टोचायला लागतात, परत गच्च मिटतो. किविउकच्या गोष्टीत अख्खा मोठा मासाच त्याला पाठीवरून नेतो.

जाता जाता लिपीचं. आज या गोष्टी तिथे इनुक्तितुत भाषेत ज्या लिपीत छापतात ती त्रिकोण आणि आकड्यांसारख्या चिन्हांची आहे, एकच अक्षर फिरवलं की स्वर बदलतो. ती मुळात जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने १८४० मध्ये क्री या कॅनडातल्याच आदिवासी लोकांसाठी केली, आणि अभ्यासकांचं म्हणणं असं की त्याच्या डोक्यात शॉर्टहँडबरोबर देवनागरीही होती, व्यंजन तेच आणि स्वराप्रमाणे रूप बदलायचं ही आयडिया आपल्या बाराखडीची. त्यामुळे इग्लूलिकमधलं एखादं पोर ही गोष्ट वाचत असेल तर ते जवळपास बाराखडीतच वाचतंय. मला उगाच बरं वाटलं हे कळल्यावर.

शेवट सगळीकडे वेगवेगळा आहे. कुठे ती त्याला परत घेते, कुठे तिचा दुसरा संसार झालेला असतो. बोआसच्या गोष्टीत दुसरा नवरा असतो, तिथे पिसांनी भरलेली एक पेटी उघडते, पिसं उडून सगळ्यांच्या अंगाला चिकटतात, बायको, नवा नवरा, पोर सगळे परत हंस, घर पण गायब, आणि उडायच्या आत इतितौजांग रागाने बायकोचं पोट फाडतो, त्यातून अंडी पडतात, खूप सारी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आजही हा भाग मी पोरांना सांगत नाही.

मी सांगते ते त्याच्या थोडं आधी थांबून. तो बेटाला लागतो, डोळे उघडतो, समोर झोपडी आहे आणि त्याचा मुलगा वाळूत खेळतोय. मुलगा ओळखतो, आत पळतो, आई, बाबा आलाय, आपल्या घराकडे येतोय. ती मान वर न करता म्हणते, जा खेळ, तुझा बाबा लांब आहे, त्याला आपण सापडणार नाही. पोर बाहेर जातं, बघतं, परत पळत येतं, आई, बाबा आलाय. ती म्हणते, जा रे, खेळ.